बिनविस्तवाची सिगरेट आणि तीन कायदे

कुवेतला जाऊन आलं की तासगावातली माणसं दोनच गोष्टी विचारतात. सोनं किती आणलं, आणि तिकडे खरंच हात तोडतात का. सोनं आणलं नाही आणि हात कुणाचा तोडलेला दिसला नाही, असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. मग मी आमच्या मिलिंदचं लायसन कसं गेलं ते सांगते आणि चहा दुसऱ्यांदा टाकला जातो.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. तिथल्या एका इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन आहे. त्याची बायको सुनीता दुसऱ्या एका इस्पितळात नर्स. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते आणि सातवा महिना संपत आला होता. आठव्यात विमानवाले नाकं मुरडतात. म्हणून आईनं मला पिटाळलं, "जा आणि तिला बाळंतपणाला घेऊन ये." मी नगरपालिकेत घरपट्टी वसूल करते. माणसाला दारात उभं करून हो म्हणायला लावायचा मला अनुभव आहे, अशी आईची समजूत. २००९ साल होतं आणि त्या वर्षी रमजान आणि गणपती बरोबरच आले होते. मी बॅगेत बेदाणे, मेतकूट, सुंठ आणि डिंक भरून निघाले.

अबू हलीफा

मिलिंदचं घर अबू हलीफात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. समुद्र खिडकीतून दिसतो, पण ऑगस्टात खिडकी कुणी उघडत नाही. पहिल्या दिवशी मी हौसेनं उघडली तर चष्म्यावर अशी वाफ धरली की मला वाटलं, कुणीतरी कुकर उघडला. दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. हॉटेलं बंद, चहाच्या टपऱ्या बंद. सूर्य कलला की मात्र सगळं गाव एकदम गाड्यांत बसतं आणि उपास सोडायला घराकडे सुसाट निघतं. आमच्याकडे एकादशीला खिचडीसाठी लोक जेवढी घाई करतात, तेवढीच ही घाई, पण ताशी सव्वाशेच्या वेगानं.

रमजानात दिवसाउजेडी चारचौघांत खाणं, पाणी पिणं, सिगरेट ओढणं हा गुन्हा आहे. उपास तुमचा असो वा नसो. गाडीत बसलात म्हणजे घरात बसलात असं पोलीस धरत नाहीत. दंड होतो, कोठडीही होऊ शकते, आणि परदेशी माणसाला मायदेशी धाडतील ही टांगती तलवार असतेच. हे सगळं मला मिलिंदनंच विमानतळावर, गाडीत बसायच्या आधी, बजावलं. मी मुकाट्यानं पर्समधली बडीशेप पर्समध्येच ठेवली.

आणि मग गाडी हमरस्त्याला लागल्यावर या पठ्ठ्यानं खिशातून एक पांढरी नळी काढली आणि ओढली. टोकाला लाल दिवा पेटला. नाकातून पांढरा लोट निघाला.

"अरे मेल्या!" मी ओरडले. "आत्ता मला काय सांगत होतास?"

"ताई, ही सिगरेट नाही," तो शांतपणे म्हणाला. "बॅटरीवर चालते. यात विस्तव नाही, तंबाखू नाही, धूर नाही. ही नुसती वाफ."

त्याच्या इस्पितळातल्या कुणीतरी सुट्टीवरून येताना ती आणली होती. तेव्हा तिकडे फारशी कुणी पाहिलेली नव्हती. मिलिंद कॉलेजपासून सिगरेट ओढायचा. दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी सुनीतानं त्याला सांगितलं, "सिगरेट सोडलीत तर बाळंतपण इथं, तुमच्याजवळ. नाही सोडलीत तर मी तासगावला जाते आणि बाळ वर्षाचं झालं की बघू." मिलिंदला बाळ जन्मताना जवळ राहायचं होतं. त्याच्या सोबतच्या बहुतेकांनी आपली पोरं पहिल्यांदा फोटोत पाहिली होती. त्यानं शपथ घेतली, सिगरेटी टाकल्या, आणि पंधरा दिवसांत ही नळी धरली.

"सुनीताला माहीत आहे?"

"तिनं सिगरेट सोडायला सांगितलं होतं. मी सोडली," तो म्हणाला.

मी बावीस वर्षं घरपट्टी वसूल करते. घर माझ्या नावावर नाही, खोली नाही तो गोठा आहे, गोठा नाही तो आडोसा आहे, ही सगळी उत्तरं मी ऐकलेली आहेत. मला त्या क्षणी कळलं की हा पोरगा बुडणार.

मिरकाब

पुढचे तीनचार दिवस मिलिंद मला गावभर फिरवत होता. मिरकाबला तो मला एका कचेरीत घेऊन गेला, माझ्या व्हिसाचा काहीतरी शिक्का राहिला होता. तिथल्या जुन्या इमारतींच्या खाली शिंप्यांची, घड्याळवाल्यांची दुकानं आहेत. सगळे हिंदी बोलतात. पाकिस्तानी शिंपी मला "आपा" म्हणाला आणि माझ्या ब्लाउजच्या शिलाईला नावं ठेवली. कचेरीत बाईमाणसांची रांग वेगळी होती आणि ती पुरुषांच्या रांगेच्या चौथाईही नव्हती. आमच्या नगरपालिकेत हे का सुचत नाही, असं मनात आलं. काउंटरवरचा कारकून मात्र अगदी आमच्या खात्यातला वाटला. शिक्का हातात घेऊन तो शेजाऱ्याशी गप्पा मारत होता.

या सगळ्या फिरण्यात मी मिलिंदची गाडीतली शिस्त पाहून घेतली. त्यानं स्वतःची नियमावलीच केली होती. काच पूर्ण बंद. टोकाचा लाल दिवा अंगठ्यानं झाकायचा. शेजारी गाडी असेल तर ओढायचं नाही, सिग्नलला तर मुळीच नाही. लोट पायांकडे सोडायचा आणि लगेच एसीचा पंखा वाढवायचा. हे सगळं करताना गाडी चालवायचा एक हात आणि एक डोळा शिल्लक राहायचा.

"यात तू काय काय मोडतोस ते तरी कळतंय का?" मी विचारलं.

"काहीच नाही. रमजानचा कायदा सिगरेट म्हणतो, ही सिगरेट नाही. ट्रॅफिकचा कायदा मोबाइल म्हणतो, हा मोबाइल नाही."

"आणि सुनीताचा कायदा?"

त्यानं एसीचा पंखा वाढवला. गाडीचं लायसन त्याला चौथ्या खेपेला मिळालं होतं. तिथं परदेशी माणसाला लायसन मिळणं म्हणजे पोरीसाठी सरकारी नोकरीतला जावई मिळण्यासारखं आहे. पगार बघतात, शिक्षण बघतात, हुद्दा बघतात आणि वर परीक्षेत नापास करतात. ते लायसन गेलं तर सुनीताला दर तपासणीला कोण नेणार? आणि केस झाली, हाकलून दिलं, तर बाळाचा बाप एका देशात आणि आईची नोकरी दुसऱ्या देशात. मी हे त्याला सिग्नलवर, पुलावर, पेट्रोल पंपावर सांगितलं. एकदा तर चिडून म्हटलं, ओढायचंच असेल तर घरी जा, संडासात कडी लावून बस आणि ओढ, पण चाक हातात असताना नको. तो हसला. भाऊ धाकटा असला की त्याच्या हसण्याला आपण फसतो. मी सुनीताला काही बोलले नाही.

खरं तर मला तिला न्यायचंच होतं. एक शब्द टाकला असता तर माझं काम झालं असतं. पण रात्री जेवताना तो तिच्या ताटातल्या कारल्याच्या बिया वेचून बाजूला ठेवायचा, ते पाहिलं की माझी जीभ उचलत नव्हती.

रिग्गई

गणपतीच्या पाचव्या दिवशी आम्ही रिग्गईला गेलो. सुनीताची ड्यूटी होती. तिथं एका फ्लॅटमध्ये कोकणातली आठदहा सुतार-रंगारी माणसं राहतात, सगळी एकटी, बायकापोरं गावी. त्यांनी वीतभर गणपती बसवला होता. प्लायवूडचं मखर असं सुबक होतं की आमच्या पेठेतल्या मंडळांनी तोंडात बोट घातलं असतं.

आमच्या तासगावचा गणपती रथातून निघतो तेव्हा अख्खं गाव दोर ओढायला धावतं आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. इथं आरती कुजबुजत. टाळ नाहीत, टाळ्या बोटांनी. शेजारी रोजे धरलेली माणसं दुपारची झोपलेली असतात, त्यांची झोप मोडायची नाही, असा त्यांचा आपापसातला नियम. एसी फुल्ल लावलेला, म्हणजे आवाज त्यात बुडतो. "घालीन लोटांगण"ला मात्र एकाला राहवलं नाही आणि त्यानं असा सूर लावला की बाकीच्यांनी त्याचं तोंड दाबलं. तो बाळा राऊळ. सुतार, आणि कंपनीची पिकअपही चालवतो. मालवणजवळचा.

मोदक त्यानंच केले होते, उकडीचे. आम्ही देशावरची माणसं मोदक तळतो आणि उकडीच्या मोदकाला मनातून थोडं पाणचट समजतो. पण सुताराच्या हातच्या त्या कळ्या पाहून मी ते मत तिथंच गिळलं. एकही कळी दुसरीपेक्षा जाड नव्हती. मी पाच खाल्ले.

"आमच्या वहिनीक डोहाळे लागले हत मां?" राऊळ मिलिंदला म्हणाला. "मियां येतंय वांगडा. मोदक मियांच हातान देतलंय. तुमच्या गाडयेत हिसके लागले तर कळयो मोडतले."

म्हणजे मोदकांवर लक्ष ठेवायला तो आमच्या गाडीत आला. मागच्या सीटवर मांडीवर स्टीलचा मोठा डबा घेऊन बसला. अबू हलीफाला त्याचा चुलतभाऊ राहतो, परतीची सोय तिथून होणार होती.

रस्त्यात

निघायला उशीर झाला आणि आम्ही नेमके त्या घाईच्या वेळी समुद्राकडच्या हमरस्त्याला लागलो. सूर्य तांबडा होऊन खाली आलेला. दोन्ही बाजूंनी मोठमोठ्या जीपगाड्या सुंसुं करत चाललेल्या. मागून कुणी दिवे मारत होतं, पुढून कुणी घुसत होतं. अशा वेळी शहाणा माणूस दोन्ही हातांनी चाक धरतो. मिलिंदला तल्लफ आली.

त्यानं अंगठ्यानं दिवा झाकून लांब झुरका घेतला. नेहमीप्रमाणे खाली सोडायचा लोट त्या दिवशी राऊळच्या कुठल्याशा बोलण्यावर हसताना समोर सुटला. काचेवर पांढरा पडदा पसरला. बाहेरून दमटपणानं काच आधीच धुरकट झालेली. पुढची गाडी दिसेनाशी झाली. मिलिंदनं डाव्या हातानं काच पुसायला घेतली आणि नळी निसटून त्याच्या पायांत पडली, ब्रेकच्या खाली. तो वाकला.

मी तेव्हा किती घाबरले ते मला अजून लिहवत नाही. गाडी डावीकडे सरकत होती. एक काळी जीप आमच्या दारापासून हातभर अंतरावर भोंगा वाजवत निघाली. मी किंचाळले, "मिलिंद, वर बघ!" त्यानं वर बघितलं, चाक फिरवलं, आणि कशीबशी गाडी कडेच्या पट्ट्यावर येऊन थांबली. काच त्यानं खाली केली. आतला सगळा लोट बाहेर गेला, आणि तो नेमका मागून येऊन थांबलेल्या पोलीस गाडीच्या समोर.

पोलीस तरुण होता. सबंध दिवस उन्हात, उपाशी. ओठांवर पापुद्रे आले होते. तो खिडकीशी वाकला आणि नाकानं हुंगलं.

"शिनू हाझा? व्हॉट धिस? स्मोकिंग?"

"नो स्मोकिंग, सर," मिलिंद म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "स्टीम. ओन्ली स्टीम."

हे इथं थांबलं असतं तर कदाचित निभावलं असतं. नळी ब्रेकखाली होती, तंबाखूचा वास नव्हता, पोलीस गोंधळलेला दिसत होता. पण मागून राऊळला वाटलं, आपण साक्ष द्यायला हवी.

"हां सर, स्टीम!" तो जोरात म्हणाला. "मोदक का वाफ! ये देखो!" आणि त्यानं डबा उघडला.

मोदक केव्हाच गार झाले होते. वाफेचा मागमूस नव्हता. कळ्यांच्या त्या सुरेख रांगेत एक जागा मात्र रिकामी होती, आणि राऊळच्या मिशीला ओलं खोबरं लागलेलं. मी कपाळाला हात लावला. पण खरा कहर पुढेच होता. डबा उघडला आणि समोर माणूस उभा आहे, त्याला न देता तो पुन्हा बंद करणं कोकणी माणसाच्या हाडात नाही. राऊळनं दोन्ही हातांनी डबा खिडकीतून पोलिसाच्या नाकाखाली धरला.

"सर, परसाद. घ्या. गनपती बाप्पा. हॅपी रमझान."

दिवसभराच्या उपाशी माणसाच्या नाकाखाली, सूर्य बुडायला थोडा अवकाश असताना, तूप आणि वेलची. पोलिसानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यात दया नव्हती.

"बताका. रुख्सा. ऑल." ओळखपत्रं आणि लायसन, सगळ्यांची. मग त्यानं मिलिंदला खाली उतरवलं आणि वाकून ब्रेकखालची नळी स्वतः उचलली. तोंडाकडची बाजू दाबली तसा लाल दिवा पेटला. तो दचकला, मग आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझी पाचावर धारण बसली.

"यू स्मोक. हि ईट. रमदान. पोलीस स्टेशन. आफ्टर, गो इंडिया," तो म्हणाला आणि आकाशाकडे बोट केलं.

मिलिंद रस्त्याच्या कडेला उभा होता, हात दोन्ही बाजूंना सोडून. लहानपणी गुरुजींनी वर्गाबाहेर काढल्यावर उभा राहायचा तसा. माझा सगळा राग गेला. मला फक्त एवढंच कळत होतं की याला धाडून दिलं तर तो मुलाला फोटोतच पाहणार.

तेवढ्यात डॅशबोर्डवर त्याचा मोबाइल वाजला. पोलिसानं तो उचलला, पडदा पाहिला, आणि घेतला.

पलीकडे सुनीता होती. ड्यूटीवरून घरी येऊन वाट पाहत होती. तिचं अरबी चांगलं; बारा वर्षं तिथल्या बायकांची बाळंतपणं केलेली. पोलिसाच्या आवाजावरूनच तिला अंदाज आला असावा. तो बरंच बोलला, नळी हवेत हलवत, जणू तिला दिसतच होती. मग ऐकत राहिला. "ईह," म्हणाला, म्हणजे हो. परत "ईह." मग काहीतरी विचारलं. मग त्याचा चेहरा बदलला आणि तो हसू दाबत असल्यासारखा दुसरीकडे बघू लागला.

फोन त्यानं मिलिंदच्या हाती दिला. आमची ओळखपत्रं परत केली. नळी पायाखाली चिरडली. आणि मिलिंदचं लायसन शर्टाच्या खिशात घालून वर बटण लावलं. पावती नाही, नोंद नाही. माझ्यातली कारकून विचारणार होती, पण मी तिला गप्प बसवलं.

तेवढ्यात लांबून बांग ऐकू आली, मग दुसऱ्या बाजूनं आणखी एक. पोलिसानं आपल्या गाडीतून पाण्याची बाटली आणि खजुराचा डबा आणला. आधी स्वतः एक खजूर तोंडात टाकला, डोळे मिटले, मग डबा आमच्यापुढे धरला. राऊळचा डबा त्यानं हातानंच नको म्हणून सांगितला होता, पण स्वतःचा खजूर आम्हाला नको म्हणू दिला नाही. माझी भीती अजून गेली नव्हती, तरी तो खजूर मला गोड लागला.

"नाऊ हू ड्राइव?" त्यानं विचारलं.

राऊळकडे लायसन होतं. तो पुढे बसला आणि मोदकांची काळजी असल्यासारखी गाडी घरापर्यंत इतकी सावकाश नेली की सायकलवाले पुढे गेले असते, जर तिकडे सायकलवाले असते तर. मिलिंद मागे माझ्या शेजारी होता. त्यानं संपूर्ण वाटेत एकच प्रश्न विचारला, "ताई, ती काय म्हणाली असेल गं?"

घरी सुनीता दारातच उभी होती. तिनं राऊळच्या हातातून डबा घेतला, त्याला बसवलं, पाणी दिलं. मिलिंदकडे पाहिलंही नाही. तो बूट काढायला म्हणून खाली बसला तो उठलाच नाही.

"काय सांगितलंस त्याला?" शेवटी मीच विचारलं.

"म्हटलं, भावा, मला सातवा महिना आहे, केस करू नकोस, लायसन घे," ती म्हणाली. "तो म्हणाला, तुला दवाखान्यात कोण नेणार? मी म्हटलं, टॅक्सीवाले कितीतरी आहेत. या मुलाला बाप एकच आहे, आणि तो चाक हातात असताना रस्ता सोडून नळी शोधतोय. तो म्हणाला, किती दिवस ठेवू? मी सांगितलं, बाळ होईपर्यंत."

मिलिंद खाली मान घालून रडत होता. आवाज न करता. राऊळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, पण त्याचेही डोळे भरले होते.

मी मनात हिशेब केला. सिगरेट असो नळी असो, शपथ मोडली होती. आईनं सांगितलेलं काम न मागता झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, तो होत नव्हता.

"मग तुझं तिकीट काढू ना माझ्याबरोबर?" मी विचारलं.

सुनीतानं एक मोदक उचलला, कळ्या निरखल्या आणि अर्धा तोडून खाली बसलेल्या मिलिंदच्या हातावर ठेवला.

"आता कशाला, ताई?" ती म्हणाली. "आता दवाखान्यात जाताना हे पुढं बसायचे नाहीत. मागं, माझ्याजवळ बसतील."